मुसैबचा शेवटचा फोटो

"हनुवटी खाली… नजर वर… श्वास धरा… हलू नका…

झालं. सोडा."

हा आवाज कुशाबांचा. महाडच्या बाजारपेठेत, चवदार तळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पण त्या काळ्या गोल स्टुलावर जो जो बसला, त्याच्या कानात तो आवाज अजून आहे. दहावीच्या फॉर्मचा फोटो असो, रेशनकार्डाचा असो, नाहीतर हळदीच्या अंगाने आलेल्या नवरीचा. त्यांचा ठेका कधी चुकला नाही.

आणि शेवटचा शब्द ते कधी विसरले नाहीत.

फक्त एकदा विसरले.

एका नवरदेवाचा फोटो काढला आणि त्याच क्षणी लाईट गेली. वऱ्हाड घाईत होतं, तसंच निघालं. लाईट आल्यावर कुशाबांना आठवलं. ते अनवाणी धावत एस.टी. स्टँडवर गेले. पोलादपूरची गाडी सुटली होती. आडवे हात करून तिला थांबवलं आणि खिडकीखाली उभं राहून ओरडले, "सोडा हो नवरदेव! सोडा!"

कंडक्टर म्हणाला, "अवो अजून लगीन लागायचं हाय. एवढ्यात काय सोडायला लावताय?"

अख्खी गाडी हसली.

त्यांच्यामागे धावत आलेला त्यांचा आठ वर्षांचा मुलगा विनीत लाजेने अर्धा झाला. परत येताना कुशाबा त्याला म्हणाले, "माणूस श्वास आपसूक सोडतो रे. फोटोतला नाय सोडत. त्याला आपण धर म्हटलंय… सोड पण आपणच म्हणायचं."

विनीतने ते ऐकलं, आणि विसरला.

पुढे जे लिहिलंय ते घडलेलं आहे. मागच्या माघात सुरू झालं, एका बुधवारी, भर दुपारी पावणेतीनला. अंधार नव्हता, पाऊस नव्हता. बाहेर टेंपोवाला कलिंगडं ओरडत होता. नावं बदललेली नाहीत. विनीतनेच सांगितलं, बदलू नका.

का, ते शेवटी कळेल.

*

मुसैब विनीतचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावरचा. वडील लवकर वारले. घरात आई रुकय्या आणि धाकटी बहीण अफशा. मुसैब आधी महाड ते पनवेल टेंपो चालवायचा. मग दुबईत ड्रायव्हरची नोकरी लागली. व्हिसाचे फोटो काढायला तो विनीतकडेच येणार, दुसरीकडे कुठे जाणार?

निळा शर्ट घालून आला. केस पाण्याने बसवलेले.

"असा काढ," तो स्टुलावर बसत म्हणाला, "की अरबाला वाटलं पाहिजे, हा पोरगा गाडीच काय, विमानसुद्धा चालवील."

"तोंड बंद ठेव आधी. तुझे दात बघून व्हिसा रद्द करतील."

दोघं हसले. मग विनीतने कॅमेरा डोळ्याला लावला. वडिलांची नक्कल करत, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हनुवटी खाली… नजर वर… श्वास धरा…"

क्लिक.

नेमका तेव्हा विनीतचा मोबाईल वाजला. तो वळला. बोलत राहिला. दोन मिनिटांनी बघतो तर मुसैब अजून तसाच ताठ बसलेला. गाल फुगवलेले, डोळे मोठे केलेले. नाटक करत होता.

ओठ न उघडता, नाकातून त्याने विचारलं,

"सोडू का रे?"

विनीत काहीतरी म्हणाला. थट्टेत.

मुसैबने मान हलवली, आणि तसेच गाल फुगवून, हात हलवत, स्टुडिओतून बाहेर पडला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो तसाच गेला. वळणावर त्याने मागे बघितलं. गाल तेव्हाही फुगलेलेच होते.

विनीतने त्याला शेवटचं बघितलं ते तेव्हा.

तो काय म्हणाला होता, ते विनीतने खूप दिवस कुणालाही सांगितलं नाही.

*

तीन वर्षांनी मुसैब सुट्टीवर निघाला. अफशाचा निकाह ठरला होता. आईसाठी शिलाई मशीन घेतलंय, असा त्याचा आदल्या दिवशी फोन आला होता.

ते विमान पोचलं नाही.

कुठलं विमान, कुठल्या राज्यात पडलं, ते इथे लिहीत नाही. कितीतरी घरांत अजून जेवणाचं एक ताट जास्त घेतलं जातं. उतरायला थोडाच वेळ उरला होता, एवढं खरं. मागचा सगळा भाग जळला. पुढच्या दारापाशी बसलेले दोघं वाचले.

आणि तासाभरात फोटो फिरायला लागले.

राखेत पडलेली बाहुली, तिच्या अंगावर एक डाग नाही. ढगात दिसणारा हात. "विमानातला शेवटचा सेल्फी." प्रत्येकाच्या मोबाईलवर, प्रत्येक ग्रुपवर. लोक रडत होते आणि पुढे पाठवत होते.

विनीतचं फेसबुकवर एक पान होतं. महाड-पोलादपूरच्या बातम्या, अपघात, दरडी, हरवलेली माणसं. बुधवारी दुपारी तो स्टुडिओत बसून ते फोटो बघत होता. धंदाच तो. एका नजरेत कळायचं. इथे सावली उलटी पडलीय. इथे बाईच्या हाताला सहा बोटं. इथे खिडकीत ढग आणि खाली झाड.

"काय हे भिकार काम," तो एकटाच पुटपुटला. "यापेक्षा बरं मी करीन."

तेवढ्यात प्रवाशांची यादी आली. त्यात मुसैबचं नाव होतं.

विनीत रडला. खोटं नाही, ढसाढसा रडला. काउंटरवर डोकं ठेवून रडला.

मग त्याने डोळे पुसले… आणि संगणक उघडला.

आपण असं का केलं, ते त्याला आजही सांगता येत नाही. दुःख होतं. पण दुःखाच्या आत काहीतरी वळवळत होतं. आपल्या महाडचा माणूस. आपला दोस्त. त्याचा फोटो फक्त आपल्याकडे आहे. बाहेरच्या जगात कुणाकडे नाही.

विमानाच्या आतलं एक चित्र त्याने शोधलं. खिडकीच्या सीटवर मुसैब बसवला. व्हिसाच्या फोटोतला चेहरा, तोच निळा शर्ट, छातीवरून पट्टा. ओठांच्या कडा जरा उचलल्या, म्हणजे हसतोय असं वाटावं. खिडकीतून उजेड त्याच्या डाव्या गालावर पाडला. सावली बरोबर पाडली.

मग आजूबाजूच्या सीटा भरायच्या होत्या.

स्टुडिओत मयतांचा एक फोल्डर होता. आपल्याकडे गावोगावी अशी माणसं असतात, ज्यांचा उभ्या जन्मात एकट्याचा फोटो नसतो. मग तेराव्याला पोरं कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन येतात. "ही मागं उभी हाय ना, ती आमची आय. तेवढी कापून द्या." कुशाबा ते चेहरे कापायचे, मागे आकाशी रंग द्यायचे, म्हाताऱ्याच्या खांद्यावर कोट चढवायचे. काम झालं की दोन्ही हात जोडून त्या फोटोला हळूच म्हणायचे, "सोडा."

पुढे गावात आलेल्या मोठ्या पुरात निगेटिव्ह सगळ्या गेल्या. भिंतीवर चिखलाची रेघ तेवढी राहिली. पण हा फोल्डर माळ्यावरच्या डिस्कमध्ये होता, म्हणून वाचला.

विनीतने त्यातून चेहरे उचलले. उमरठकडचे येसाजी, गेलेले. डोंगरातल्या एका वाडीच्या तुळजाबाई, गेलेल्या. आणखी चौघे.

मेलेली माणसं तक्रार करत नाहीत.

फोटोखाली लिहिलं, "विमान सुटण्याआधी आपल्या मुसैबचा शेवटचा फोटो. आईला पाठवायचा राहून गेला…"

आणि टाकला.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. वरचा पंखा फिरत होता. पण मागचा पांढरा पडदा, जो पंख्याच्या वाऱ्याने सतत फडफडायचा…

तो स्थिर झाला.

*

संध्याकाळपर्यंत तो फोटो पाच हजार लोकांनी पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी एका चॅनेलने दाखवला. विनीतला फोन आले. "फोटो तुम्हाला कुठून मिळाला?" तो म्हणाला, "दुबईवरून एकाने पाठवला." एकदा म्हणाला, मग तेच म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी रुकय्या आली.

डोक्यावरून पदर घट्ट. हातात मोबाईल, दोन्ही हातांनी धरलेला, जसं भरलेलं भांडं धरावं.

"विनीत, बाळा, हा मोठा करून दे."

त्यांच्या घरात भिंतीवर फोटो लावत नसत. मुसैबचा एकच फोटो होता, तोही कपाटात, कपड्यांच्या खाली. विनीतने मान खाली घालून मोठी प्रत काढून दिली. ती स्टुलावर बसली. बोट फिरवत राहिली. सीटवर, खिडकीवर, गालावर.

"डरलेला नाय दिसत," ती म्हणाली. "नाय ना रे?"

"नाही खाला." शाळेपासून तो तिला खालाच म्हणायचा, मावशी.

"ही म्हातारी कोन बाजूला? त्याला पाणी-बिणी दिलं असंल तिनं. चेहरा मायेचा हाय."

तुळजाबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"हा फोटो ज्यानं काढला त्याचा फोन वाचला. म्हंजे तो मानूस पन वाचला असंल. नाय का?" तिने प्रत त्याच्यासमोर धरली. "तुला पाठवनारा काय बोलला? माझा मुसैब कुठं बसला होता? म्होरं का मागं?"

इथे विनीत खरं बोलू शकला असता.

तो सांगतो, खालाचे डोळे बघवेनात. एक घोट दिलासा द्यावा असं वाटलं. तेवढंच.

"पुढे," तो म्हणाला. "पुढच्या दारापाशी."

रुकय्याने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत दुआ केली. मग उठली, आणि दारातून जाताना वळून म्हणाली, "मग मी रक्त नाय देनार."

"कसलं रक्त?"

"ते दवाखान्यात मागतात ना, मय्यत वळखायला. आईचंच पायजे म्हनतात. मी कशाला देऊ? म्होरचे दोघं वाचलेत. एकाला अजून शुद नाय, तोंडाला पट्ट्या हायत, नाव कुनाला ठावं नाय. तो माझा मुसैब हाय."

ती गेली.

मागे स्टुडिओत स्टूल करकरलं.

तिच्या उठण्याने नाही. ती तर पायऱ्या उतरून गेली होती. करकरलं ते कुणीतरी ताठ बसावं तसं.

मग काहीच नाही. आवाज नव्हता. आवाज कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजची एक मुलगी आली, श्रुतिका. परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा होता. विनीत आत दिवा नीट करत होता. बाहेर येऊन बघतो तर ती स्टुलावर बसलेली. चेहरा लालबुंद. डोळ्यांत पाणी.

"अगं काय झालं?"

तिने भस्सकन श्वास सोडला. "दादा, काय हो! किती वेळ धरायला लावता? जीव जायची पाळी आली."

"मी कुठे धरायला सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना. पडद्यामागून."

विनीतने पडद्याकडे बघितलं. पडदा हलत नव्हता. पंखा पूर्ण वेगात होता.

त्यानंतर प्रत्येक फोटो तसाच निघायला लागला. हसत बसलेलं माणूस, पण फोटोत ओठ घट्ट मिटलेले. गाल किंचित फुगलेले. डोळे जरा जास्त उघडे. गिऱ्हाईकं फोटो परत आणून द्यायला लागली. "आमची पोरगी अशी हाय का? ही तर बुडताना काढल्यासारखी दिसते."

आणि तो विमानातला फोटो…

विनीतने तो पानावरून काढून टाकला होता. पण तो आता हजारो मोबाईलमध्ये होता. गल्लीतल्या न्हाव्याच्या मोबाईलवर त्याने तो पुन्हा बघितला.

ओठांच्या कडा खाली आल्या होत्या. हसू गेलं होतं.

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर बघितला. ओठ निळसर दिसत होते.

त्यानंतर त्याच टपरीवर कुणाच्या तरी मोबाईलवर बघितला, आणि तो मोबाईल त्याने डोळ्यांजवळ ओढला. येसाजी, तुळजाबाई, ते चौघे. मयतांच्या फोटोतले चेहरे नेहमी समोर बघतात. त्याने स्वतः समोर बघणारेच बसवले होते.

आता ते सगळे मुसैबकडे बघत होते. एस.टी.त एखाद्याचं उतरायचं स्टँड मागे पडावं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघावं, तसे.

"तुला काही वेगळं दिसतंय का?" त्याने टपरीवाल्याला विचारलं.

"नाय बा. हाय तसाच हाय. बिचारा."

विनीतला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. पण रुकय्या पुन्हा आली. मोठी प्रत समोर धरली, आणि साधंच, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली,

"हा आता हसत नाय रे. पयल्या दिशी हसत होता."

विनीतने ती प्रत उलटी करून तिच्या हातात दिली.

त्याच दुपारी, ती गेल्यावर, स्टूल करकरलं. आणि विनीतला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. नाकातून. ओठ न उघडता.

"सोडू का रे?"

विनीत उठला, काउंटरवर आपटला, ओरडला, "सोड! सोड रे! सोड!"

पडदा हलला नाही.

*

त्यानंतरच्या बुधवारी अफशा आली. डोळे सुजलेले.

"विनीतभाई, तहसीलमधून फोन आला. शुक्रवारी पाचपर्यंत मुदत. ज्यांचं कुणी ओळखायला येणार नाही, त्यांचा विधी तिकडेच करणार. तो पट्टीवाला कोण ते कळलं. केरळचा निघाला. अम्मी ऐकत नाही. म्हणते, विनीतने सांगितलंय, मुसैब पुढे होता. म्हणजे कुठेतरी फिरत असेल, डोक्याला मार लागून विसरला असेल." तिने मोबाईल पुढे केला. "तुम्ही त्या दुबईवाल्याचा नंबर द्या. मी बोलते."

"लागत नाही तो नंबर."

"तरी द्या."

"हरवला माझ्याकडून."

अफशाने मोबाईल खाली घेतला.

"भाई, माझ्या भावाला माती मिळायची आहे. एवढंच आहे. लग्न नको, मशीन नको, काही नको. माती मिळू दे."

विनीतने शुक्रवारी सांगायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी सांगायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी शटर अर्धं ओढून बसला. खोटे फोटो टाकणाऱ्या एका पोराला दुसऱ्या जिल्ह्यात पोलिसांनी उचललं होतं. चॅनेलवर विनीतचं नाव आलं होतं. बाजारपेठेत लोक थांबून विचारत होते. सांगितलं तर उद्या या रस्त्याने चालणार कसं?

तीन वाजले. चार वाजले.

"सोडू का रे?"

साडेचार वाजले.

"सोडू का रे?" आवाज आता दाबलेला होता. बुडणाऱ्याचा असतो तसा.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना विनीत शटरखालून बाहेर पडला. वडील धावले होते तसाच धावला. अनवाणी. बाजारपेठेतून मोहल्ल्यापर्यंत. लोक बघत राहिले.

पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते.

अफशा उंबऱ्यात बसली होती. मोबाईल मांडीवर. "आला फोन," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं अम्मीने."

आत रुकय्या चटईवर होती. समोर ती मोठी प्रत. विनीत तिच्यासमोर बसला. दम लागला होता.

"खाला… फोटो मी केला. खोटा आहे. दुबईवरून कुणी पाठवला नाही."

रुकय्याने वर बघितलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

ती उठली. भिंतीच्या खुंटीवरून निळा शर्ट काढला. त्याच्या मांडीवर ठेवला.

"दुसरं बटन बघ. तुटलं होतं. निळा दोरा नव्हता घरात, मी काळ्या दोऱ्यानं लावलं. हा शर्ट घालून तुझ्याकडं आला. जाताना खुंटीला सोडून गेला. तेव्हापासून हितंच हाय. विमानात कुठला?"

विनीतने प्रत उचलली. मुसैबच्या छातीवर दुसरं बटण. काळा दोरा. जगाच्या फोटोंतल्या सावल्या त्याने तपासल्या होत्या. हा दोरा त्याला दिसला नव्हता.

"मोठा करून नेला, त्याच राती दिसलं मला," ती म्हणाली.

"मग खाला… रक्त का नाही दिलंत?"

रुकय्याने आता त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"फोटो खोटा हाय हे मला ठावं होतं. पन तू तोंडानं बोललास, म्होरं बसला होता. मला वाटलं, तुला कुनीतरी खरंच सांगितलं असंल. म्हनून तू तसा फोटो बनवलास… आईला बरं वाटावं म्हनून." तिने शर्ट परत घेतला. "फोटो खोटा असतो रे. तू माझ्यासमोर बसून खोटं बोलशील, असं नाय वाटलं."

*

रक्त दुसऱ्या दिवशी दिलं. जुळल्याचा कागद श्रावणात आला. एका आकड्यापुढे मुसैबचं नाव होतं. तोवर बाकीच्यांबरोबर विधी होऊन गेला होता. पुरलं की जाळलं, ते कागदावर नव्हतं. अफशाने तीनदा फोन केला, मग विचारणं सोडलं. उत्तर आलं असतं तर ते ऐकायची तिची हिंमत नव्हती.

कागद आल्यावर रुकय्या पुन्हा स्टुडिओत आली. विनीतला वाटलं, आता शिव्या देईल. तो वाटच बघत होता.

ती म्हणाली, "एक फोटो अजून कर. मला बसव. बाजूला खुर्ची ठेव. त्यात त्याला बसव. तुला येतं ना? मग त्याला घरात आन."

विनीत मोहल्ल्यात गेला. ओटीवर दोन खुर्च्या ठेवल्या. एकीवर रुकय्या बसली, पदर सारखा करून. तिने आपला एक हात बाजूच्या रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

"हनुवटी खाली… नजर वर… श्वास धरा… झालं. सोडा."

तिने सोडला.

स्टुडिओत येऊन विनीतने मुसैबला खुर्चीत बसवलं. नीट बसवलं. सावली पाडली, खालाचा हात त्याच्या मनगटावर टेकवला. संगणकावर सगळं दिसत होतं. मग प्रत काढली.

प्रतीत खुर्ची रिकामी होती.

पुन्हा काढली. रिकामी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. खालाचा हात दांड्यावर, आणि खुर्ची रिकामी.

रुकय्याने ती प्रत हातात घेतली. बराच वेळ बघितली.

"नाय येत?" तिने विचारलं.

विनीतने मान हलवली.

तिने तो फोटो तसाच नेला. रिकाम्या खुर्चीसकट. त्या घराच्या भिंतीवर लागलेला तो पहिला फोटो.

*

स्टुडिओ आता बंद आहे. पण तो विमानातला फोटो बंद झालेला नाही.

मागच्या महिन्यात कुठल्या तरी लांबच्या देशात विमान पडलं. तासाभरात तोच फोटो आला. लिपी दुसरी, नाव दुसरं, देश दुसरा. "विमानातला शेवटचा क्षण." खिडकीशी निळा शर्ट, दुसऱ्या बटणाला काळा दोरा. ओठ आता काळे पडलेत. विनीतने खाली लिहिलं, हा फोटो खोटा आहे, मी केलाय, हा माझा मित्र आहे, महाडचा. लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, "भाऊ, लाईक्ससाठी मेलेल्यांवर तरी खोटं बोलू नको." त्या उत्तराला नऊशे लोकांनी पसंती दिली.

आणि त्या दुपारी, घरात, जेवायला बसल्यावर… मागून आवाज आला.

"सोडू का रे?"

प्रत्येक विमानाबरोबर तो येतो. जगात कुठेही पडो. हा असा कितव्यांदा गुदमरतोय, ते विनीत बोटांवर मोजतो.

हे सगळं त्याने बंद स्टुडिओत बसून सांगितलं. नावं बदलू नका म्हणाला, त्या फोटोला प्रत्येक वेळी दुसरंच नाव लागतं, खरं एकदा तरी लिहिलेलं राहू दे. शटर अर्धं वर, बाहेर लख्ख ऊन, भिंतीवर पुराची रेघ. ऐकणाऱ्याने शेवटी विचारलं, "तू सोड म्हणालास. शंभरदा म्हणालास. मग तो सोडत का नाही?"

विनीत त्या काळ्या स्टुलाकडे बघत राहिला. पंखा चालू होता. पडदा स्थिर होता.

"त्या दिवशी त्याने विचारलं ना, व्हिसाचा फोटो काढला तेव्हा," तो हळू म्हणाला. "गाल फुगवून. सोडू का रे म्हणून. मी काय म्हणालो, ते मी खालाला सांगितलं नाही. अफशाला नाही. कुणालाच नाही."

त्याचा आवाज वडिलांसारखा घोगरा झाला होता. नक्कल नव्हती.

"मी म्हणालो, आता नको. धरून ठेव.

परत घरी येशील तेव्हा सोड."